वादळात फांदी मोडली, आता झाडाचं काय करायचं?

आमच्या मळ्यात विहिरीजवळ एक गावरान आंबा आहे. आखाजीला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, झोका बांधायचा तो त्याच्याच आडव्या फांदीवर. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, शेजारच्या वस्तीवरच्या बाया, सगळ्यांचे झोके त्या एका फांदीने झेलले. मागच्या वर्षी रोहिणी नक्षत्रातल्या एका वादळी संध्याकाळी ती मोडली. पूर्ण तुटून खाली पडली असती तरी बरं झालं असतं. ती खोडापासून दोन-तीन हातांवर चिरली, खाली लोंबली आणि एका बाजूच्या सालीच्या पट्ट्यावर कैऱ्यांसकट अडकून राहिली.

सकाळी झाडाखाली माणसं जमली आणि सल्ले सुरू झाले. आमचे जिभाऊ म्हणाले, "तार बांधी टाक, जुळी जाई." दुसऱ्यांचं म्हणणं, कुऱ्हाड घ्या आणि खोडाबरोबर एकदम सपाट करून टाका, खुंटी दिसायला नको. तिसरे म्हणाले, वरून डांबर फासा, पाणी शिरणार नाही. तिघंही जन्मभर शेती केलेले, तिघांनाही झाडाबद्दल कळकळ. पण या तिन्ही उपायांनी झाडाचं नुकसानच होतं. ते का, हे झाडाच्या आत डोकावल्याशिवाय पटत नाही. मलाही आधी पटलं नव्हतं.

वादळ झालं की रावेर-यावलकडच्या आडव्या झालेल्या केळीबागांचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आणि यायलाच हवेत. पण बांधावरचा आंबा, परसातला पेरू, विहिरीवरचं जांभूळ, गिरणाकाठच्या बागेतलं लिंबू यांच्या मोडलेल्या फांद्यांचं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. ते झाड पुढची तीस वर्षं उभं राहणार की दहा वर्षांत आतून पोकळ होणार, हे मात्र बऱ्याचदा त्या आठवड्यात आपण करवत कुठे लावतो त्यावर ठरतं.

फांदी मोडते कशाने?

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात सहज डोलणाऱ्या फांदीवर ६० किलोमीटरच्या झोताचा चौपट रेटा बसतो. आपल्याकडे हे झोत येतात तेही मोक्याच्या वेळी. मे महिन्यात तापीचं खोरं तापून निघालेलं असतं, दुपारनंतर ढग उभे राहतात, आणि संध्याकाळी त्या ढगातली थंड हवा धाडकन खाली आपटून चहूकडे पसरते. त्याच वेळी आंबा फळांनी लदलेला असतो. पानं ओली झाली की वजन आणखी वाढतं. लांब पहारीच्या टोकाला जोर लावला की जड दगडही हलतो. इथे फांदी म्हणजे ती पहार, आणि जोर लागतो तिच्या बुडाशी.

मोडण्याची जागाही बहुतेक वेळा आधीच ठरलेली असते. दोन फांद्या अगदी अरुंद बेचक्यातून, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या निघाल्या असतील, तर त्यांच्यामध्ये लाकडाला लाकूड भिडत नाही. साल मध्येच चेपली जाते. वरून जाडजूड दिसणारा तो सांधा आत नुसता सालीचा पापुद्रा असतो. रुंद कोनातून निघालेली फांदी त्याहून कितीतरी पक्की. जातीचाही फरक आहे. चिंचेची फांदी पिळवटते पण सहसा मोडत नाही. शेवगा आणि जांभूळ मात्र ठिसूळ, आणि त्यांच्यावर चढू नका असं आपण पोरांना उगाच बजावत नाही.

सालीखाली काय चालतं

ओल्या फांदीची साल नखाने खरवडली की खाली हिरवट, ओलसर थर दिसतो. झाडाचा जीव तिथे आहे. शाळेत शिकलेल्या दोन नळ्या आठवा: मुळांनी शोषलेलं पाणी जलवाहिन्यांतून वर जातं, आणि त्या लाकडात असतात. पानांनी तयार केलेलं अन्न रसवाहिन्यांतून खाली येतं, आणि त्या सालीत असतात. या दोहोंच्या मध्ये कागदाहूनही पातळ असा एक थर असतो, त्याला कँबियम म्हणतात. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड आणि बाहेरच्या बाजूला नवी साल तयार करतो. झाडाची जाडी वाढते ती फक्त इथून.

खोडाच्या मधलं लाकूड भार पेलतं, पण ते वाढत नाही. एकदा तयार झालं की झालं. जाड फांदी मधून चिरली तर चिरलेलं लाकूड लाकडाला पुन्हा कधीच चिकटत नाही, ते याच कारणाने. चिकटवणारं तिथे कुणी उरलेलं नसतं.

लोंबकळणारी फांदी आठ-दहा दिवस हिरवी राहते, त्याने फसू नका. सालीच्या आणि लाकडाच्या उरलेल्या पट्ट्यातून थोडंफार पाणी पोचत असतं, एवढाच त्याचा अर्थ. भार पेलायला ती आता निकामी आहे.

झाड जखम भरत नाही, झाकतं

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. आपल्याला खरचटलं की तिथली मेलेली कातडी जाते आणि त्याच जागी नवी येते. झाडाला हे जमत नाही. सडलेला भाग बाहेर टाकून तिथे नवा भाग तयार करणं त्याच्या रचनेतच नाही. ते दुसरं काहीतरी करतं.

धाब्याचं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. मागच्या एका खोलीला उधई, म्हणजे वाळवी, लागली. घरमालक काय करतो? ती खोली सोडून देतो, दार विटांनी चिणून टाकतो, आणि पुढच्या बाजूला नवी खोली बांधतो. उधई आहे तिथेच राहते, पण बाकीचं घर वाचतं. झाडाचं अगदी असंच आहे. जखमेजवळच्या जलवाहिन्या ते आतून बुजवतं, आजूबाजूच्या पेशींत बुरशीला मारक असे पदार्थ भरतं, आणि जखमेनंतर कँबियम जे नवं लाकूड घालतं त्याची एक भक्कम भिंत उभी करतं. जुनं लाकूड कुजलं तरी ती कूज या नव्या भिंतीच्या बाहेरच्या लाकडात सहसा येत नाही.

हे नीट दाखवून दिलं ते अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी. करवतीने झाडं उभी-आडवी चिरून कूज कुठून सुरू होते, कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९७७ मध्ये सगळं सूत्ररूपाने मांडलं. त्यांच्या मांडणीतली एक बाब आपल्या फार कामाची आहे. झाडाच्या या भिंती सारख्या मजबूत नसतात. खोडात वर-खाली जाणारी कूज थांबवणारी भिंत सगळ्यांत दुबळी, कारण पाण्याच्या नळ्याच त्या दिशेने जातात. कूज एकदा मुख्य खोडात उतरली की उभी पसरते, आणि म्हणून ती फांदीतच अडवायची.

कॉलर: करवत लावायची जागा

फांदी खोडातून निघते तिथे बुडाशी सदऱ्याच्या कॉलरसारखी एक फुगीर वळी असते. तिला कॉलरच म्हणतात. फांदीच्या वरच्या कुशीत सालीची एक खरबरीत, काळपट शिवणही दिसते. खोडाचं लाकूड आणि फांदीचं लाकूड एकमेकांत गुंफतात ते इथे, आणि झाडाने कूज अडवायची तयारीही इथेच करून ठेवलेली असते. खालच्या फांद्या सावलीने वाळून गळून पडाव्यात ही रानातली नेहमीची गोष्ट, तेव्हा हा बंदोबस्त झाडाला लागतोच.

आता कुऱ्हाडीने खोडाबरोबर सपाट करण्याचा सल्ला तपासून पाहा. त्यात कॉलर छाटली जाते, म्हणजे विटांनी चिणायचं दार आपणच चौकटीसकट उखडतो. जखम फांदीची न राहता खोडाची होते, आणि आकाराने दुप्पट-तिप्पट होते. आमच्याच बांधावरच्या जांभळाची एक जाड फांदी वडिलांनी अशी सपाट केली होती. दिसायला फार सुबक काम झालं. वीस वर्षांनी तिथे हात कोपरापर्यंत जाईल एवढी ढोली होती.

उलट चूकही तितकीच वाईट. हातभर खुंटी सोडली तर तिच्यावर पानं नसतात, तिला पोसणारं काही नसतं, ती मरते. बुरशी त्या मेलेल्या लाकडावर जगत हळूहळू कॉलरपर्यंत येते, आणि खुंटी आड आल्याने झाडाला नव्या लाकडाने जखम झाकताही येत नाही.

म्हणून काप कॉलरच्या लगेच बाहेर, कॉलरला धक्का न लावता. वरच्या शिवणीच्या किंचित बाहेर सुरुवात करायची आणि खाली येताना करवत थोडी खोडापासून दूर न्यायची. काप बरोबर पडला की नाही हे पुढच्या वर्षी झाडच सांगतं. जखमेभोवती नव्या लाकडाची, डोक्यावर घागर ठेवायला बाया करतात त्या चुंबळीसारखी गोल, सारख्या जाडीची कडा आली तर काप योग्य. कडा फक्त दोन बाजूंना आली, वर-खाली आलीच नाही, तर कॉलर कापली गेली असं समजायचं.

एका फांदीला तीन काप

मनगटाहून जाड फांदी एका दमात वरून कापायला गेलं की ती अर्ध्यावर स्वतःच्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची साल ओढत नेते. अंबाडी सोलताना एक पट्टा धरून ओढला की साल पार बुडापर्यंत निघत जाते, तसंच. वादळाने केलं त्याहून मोठी जखम आपण करून बसतो.

म्हणून आधी कॉलरपासून फूटभर बाहेर, फांदीच्या खालच्या बाजूने तिसऱ्या हिश्शापर्यंत काप घ्या. मग त्याच्या दोन-चार बोटं बाहेर वरून काप घेत फांदी पाडा. साल फाटलीच तर खालच्या कापापाशी थांबते. आता हातात उरली ती हलकी खुंटी. तिला एका हाताने आधार देऊन कॉलरच्या बाहेर तिसरा, शेवटचा काप. कुऱ्हाड आणि कोयता यासाठी नकोत, त्यांनी जखम ठेचली जाते. धारदार करवत हवी आणि पातं स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं. डाळिंबाच्या बागेत तर प्रत्येक झाडानंतर पुसा, कारण तेल्या रोगाचे जिवाणू पात्यावर बसून एका झाडाचे दुसऱ्या झाडावर जातात.

फांदी बुडाशी न मोडता मध्येच मोडली असेल तर पूर्ण फांदी काढायची गरज नाही. मोडल्या जागेच्या आत एखादी जिवंत उपफांदी शोधा, निदान मूळ फांदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जाड, आणि तिच्या बेचक्याच्या जरा बाहेर कापा. पुढचा कारभार ती उपफांदी सांभाळते. नुसती करंगळीएवढी डहाळी मागे ठेवली तर तिला तो भार झेपत नाही आणि उरलेली फांदी शेंड्याकडून वाळत येते.

फाटून लोंबणारी साल सुकली असेल तर घट्ट चिकटलेल्या सालीपर्यंत धारदार चाकूने कापून टाका, पण जखम रुंद करत बसू नका. तीच साल अजून ओली असेल, फाटून काहीच तास झाले असतील, तर जागेवर दाबून बारीक खिळे मारा आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून पंधरवडाभर सावली द्या. कधीकधी ती जगते.

"पण बांधून ठेवली तर जुळणारच नाही का? हाडं जुळतात की."

हा प्रश्न दर वेळी येतो. हाड आतून जिवंत असतं, प्लास्टरखाली नवं हाड तयार होतं. फांदीच्या मधल्या लाकडाला ते जमत नाही, हे वर पाहिलंच. तारेने आवळलेली फांदी वरून जुळल्यासारखी दिसते, कारण चिरेच्या कडेने नवी साल आणि थोडं नवं लाकूड येतं. आत चीर तशीच असते, तीत पाणी मुरतं आणि बुरशी वाढते. चार-पाच वर्षांनी फांदी अधिक जड झालेली असते, आणि एखाद्या वादळात तिथेच पुन्हा फाटते. खाली कोण उभं असेल ते सांगता येत नाही.

तारेचं दुसरं दुखणं असं, की झाड जाड होतं, तार होत नाही. दोन-तीन वर्षांत ती सालीत रुतते, अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या चेपतात आणि फास बसतो. जिभाऊंना मी हे दाखवलं ते कुंपणाच्या तारेने कमरेत आवळलेल्या एका जुन्या बोरीवर. ते बराच वेळ तिच्या खोडावरून हात फिरवत उभे राहिले.

"मग कलम कसं जुळतं?"

फार रास्त शंका. बोरीचा डोळा भरतात, मोसंबीचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बसवतात, आंब्याचं कोय कलम करतात, ते सगळं जुळतंच. पण तिथे काय काय असतं ते पाहा. काप ताजा असतो, धारदार चाकूचा. दोन्हीकडचा कँबियम काळजीने कँबियमला भिडवलेला असतो. पट्टी घट्ट बांधलेली, हवा-पाणी बंद. आणि काड्या पेन्सिलीएवढ्या कोवळ्या, ज्यांच्यावर भार म्हणावा असा काही नाही. तिथेही जुनं लाकूड जुन्या लाकडाला चिकटत नाही, जोडणी होते ती नव्याने वाढणाऱ्या थराची.

त्याच हिशेबाने अंगठ्याएवढी कोवळी फांदी चिरली असेल, साल सुकली नसेल आणि दोन्ही भाग पूर्ण मिटत असतील, तर त्याच दिवशी कलमाच्या पट्टीने बांधून, शेजारी काठीचा आधार देऊन पाहायला हरकत नाही. वरची फळं आणि बरीचशी पानं मात्र काढा. पट्टी त्याच हंगामात सैल करायची हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मोठ्या झाडाला जोडण्याचा एकच मार्ग विचारात घेण्याजोगा आहे, तो म्हणजे नट-बोल्ट. झाडाच्या दोन मुख्य फांद्यांचं बेचकं फाटलंय, दोन्ही बाजू हिरव्या आहेत, लाकूड निरोगी आहे, आणि एक बाजू कापली तर अर्धं झाड जाणार, अशा वेळी फांद्यांना खालून थुणीचा टेकू लावून चीर मिटवतात आणि आरपार भोक पाडून वॉशरसह बोल्ट आवळतात. ऐकायला हे क्रूर वाटतं, तारेपेक्षा तर नक्कीच. पण बोल्टची जखम बोटाएवढी असते आणि तेवढी झाड चिणून टाकू शकतं. तारेचा फास मात्र सगळ्या बाजूंनी बसतो. तरीही झाड जुळलं असं म्हणू नये. भार बोल्ट पेलतो, आणि ते बेचकं कायम नजरेखाली ठेवावं लागतं. ज्या झाडाखाली गुरं बांधतो किंवा पोरं खेळतात, तिथे मी हा धोका पत्करणार नाही.

डांबर, ऑइलपेंट आणि शेणमाती

जखम उघडी टाकायला मन धजत नाही, हे मी समजू शकतो. पण डांबराखाली काय होतं? कापलेल्या लाकडावर बुरशीचे बीजाणू आधीच बसलेले असतात. वरून थर दिला की ओल आत कोंडते. उन्हाने डांबर तडकतं, त्या भेगांतून पाणी आत जातं पण वाळून बाहेर येत नाही. जखमेच्या कडेचा कोवळा कँबियम त्यात भाजतो, आणि नवी चुंबळ येणार होती ती याच कडेतून. शेणमातीचा जाड लेप पावसाळ्यात सतत ओला राहतो आणि परिणाम तोच. जखमेवर रंग लावल्याने कूज थांबत नाही, हे शायगोंनीही झाडं चिरून पाहिलं होतं.

मग कृषी अधिकारी बोर्डो पेस्ट लावायला का सांगतात? कारण ती जखम बुजवण्यासाठी नाहीच, ती बुरशीनाशक आहे. आपल्याकडे फांद्या मोडतात त्या पावसाळ्याच्या तोंडावर, आणि लिंबू-मोसंबीत डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, आणणारी बुरशी पावसाच्या ओलीत जोमाने वाढते. तेव्हा लिंबूवर्गीय झाडांना पेस्ट जरूर लावा. आंब्याच्या मोठ्या कापावरही लावतात. पातळ थर द्यायचा, लेपाची पुटं नाहीत. पण पेस्ट लावली म्हणून चुकीच्या जागी घेतलेला काप बरोबर होत नाही.

घरच्या घरी करायची तर १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्धा लिटर पाण्यात, वेगवेगळं भिजवा. भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नकोत. दोन्ही पूर्ण विरघळून थंड झाल्यावर मोरचुदाचं पाणी चुन्यात ढवळत ओता. मग त्यात स्वच्छ लोखंडी पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस रंग चढला तर मोरचूद जास्त झालंय, आणखी चुना घाला. पेस्ट त्याच दिवशी वापरायची. हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांतून आलं. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर तांबं-चुन्याचं निळं पाणी शिंपडत. त्याच वेली केवडा रोगातून वाचतात हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाच्या नजरेला आलं, आणि १८८५ च्या सुमाराला त्याचं औषध झालं.

दुसरी बाजू छाटून 'तोल' साधायचा का?

नाही. एका बाजूची फांदी गेली की झाड वाकडं दिसतं आणि हात शिवशिवतात. पण पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. जखम झाकायला अन्न लागतं, ते पानांतूनच येतं. मोडलेलं, लोंबणारं आणि एकमेकांवर घासणारं तेवढं काढा. हिरव्या पसाऱ्याचा चौथा हिस्सा गेला असेल तर त्या वर्षी आणखी कात्री लावू नका. आकार पुढच्या दोन-तीन वर्षांत हळूहळू देता येतो.

खानदेशात याला आणखी एक कारण आहे, आणि परप्रांतातल्या माहितीत ते सापडत नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो. जी फांदी आजवर पानांच्या सावलीत होती, तिच्या सालीवर अचानक थेट ऊन पडलं की साल भाजते, तडकते, आणि त्या भेगांत खोडकिडा अंडी घालतो. म्हणून मोठी फांदी गेल्यावर उघड्या पडलेल्या खोडाला आणि जाड फांद्यांच्या दक्षिण-पश्चिम अंगाला चुन्याची पातळ सफेदी द्या. हा रंग मात्र कामाचा आहे. तो जखमेवर लावायचा नसून उघड्या पडलेल्या सालीवर लावायचा, तिची सावली म्हणून.

युरियाचा डोसही देऊ नका. त्याने पाणसोट फुटतात: सरळसोट, लुसलुशीत, फळ न देणारे. जिथे रिकामी जागा भरायची तिथले एक-दोन ठेवून बाकीचे कोवळे असतानाच हाताने मोडा. झाडाला आता लागतं ते नियमित पाणी आणि आळ्यात पालापाचोळ्याचं आच्छादन.

"जुने आंबे तर खोडापर्यंत छाटून पुन्हा फुटवतात, त्याचं काय?"

खरं आहे. फळ द्यायचं थांबलेल्या जुन्या आंब्यांचं पुनरुज्जीवन करताना मुख्य फांद्या जमिनीपासून दहा-बारा फुटांवर छाटतात, आणि दोन-तीन वर्षांनी ते पुन्हा फळावर येतात. पण ती छाटणी डिसेंबर-जानेवारीत होते, कोरड्या थंड हवेत. झाडाची मुळं शाबूत असतात, फुटवे विरळ करायला आणि खोडकिड्यावर लक्ष ठेवायला माणूस ठरलेला असतो. वादळात सापडलेल्या झाडाची मुळंही आतून तुटलेली असू शकतात, आणि पुढे चार महिने पाऊस असतो. पुनरुज्जीवनातून एवढं नक्की कळतं की आंबा चिवट आहे. अर्धा पसारा गेला म्हणून घाईने मुळासकट काढून टाकू नका, एक पावसाळा थांबा. खोड जमिनीपर्यंत उभं चिरलं असेल तर मात्र आशा सोडावी लागते. आंबा, जांभूळ, चिंच यांचं अख्खं झाड तोडायला १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते, स्वतःच्या शेतातलं असलं तरी.

हे सगळ्यांना लागू नाही

केळीला यातलं काहीच लागू पडत नाही, कारण केळ हे झाडच नव्हे. आपण ज्याला खोड म्हणतो ती पानांच्या देठांची गुंडाळी, तिच्यात लाकूड नाही आणि कँबियमही नाही. मोडलेली केळ बांधून उभी करण्यात वेळ घालवू नका. बुडातलं जोमदार पील, म्हणजे बाजूला फुटलेला कोंब, राखा, बाकी कापून बागेतच कुजवा.

बोरीची तर आपण दर उन्हाळ्यात जबरी छाटणी करतोच, वादळाने चार फांद्या मोडल्या तरी ती मनावर घेत नाही. पेरू आणि सीताफळही कापावरून जोमाने फुटतात. डाळिंबाला बुडापासून तीन-चार खोडं ठेवलेली असतात, एक गेलं तर खालून नवा फुटवा धरता येतो. काळजी करायची ती लिंबू-मोसंबीची, डिंक्या आणि शेंडेमरीमुळे, आणि मोठ्या आंब्याची, कारण त्याच्या जखमा मोठ्या असतात.

करवत उचलण्याआधी

विजेची तार फांदीला लागलेली असेल, किंवा लागली असेल अशी शंका जरी असेल, तर झाडाजवळ जाऊ नका आणि महावितरणला कळवा. ओलं झाड वीज वाहून नेतं. वर अडकलेल्या फांदीखाली उभं राहू नका. दबलेली, वाकलेली फांदी कापताच उसळते आणि माणसाला फेकून देते, म्हणून एकट्याने हे काम करू नये. नुकसानभरपाई किंवा फळपीक विमा यांचा प्रश्न असेल तर कापण्याआधी फोटो काढा आणि तलाठी, कृषी सहायक व विमा कंपनीला लगेच कळवा. सूचना द्यायची मुदत दिवसांत नव्हे, तासांत मोजतात, आणि साफ केलेल्या शेताचा पंचनामा कठीण होतो.

आमच्या आंब्याची फांदी आम्ही कॉलरच्या बाहेर कापली. त्या आत एकही धड उपफांदी नव्हती. खाली आल्यावर मोडलेली जागा नीट पाहिली, तेव्हा कळलं की वादळाने फक्त शेवटचा धक्का दिला होता. फांदी मोडली ती बरोबर झोक्याच्या दोराच्या जागी. वर्षानुवर्षं दोर घासून वरची साल गेली होती, तिथून पाणी मुरलं होतं, आणि आतलं लाकूड मुठीएवढं काळं पडून भुसभुशीत झालं होतं. सगळ्यांच्या नजरेसमोर, दर आखाजीला.

दिवाळीपर्यंत कापाभोवती बोटाएवढी चुंबळ आली, वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखी. यंदा झोका दुसऱ्या फांदीवर बांधला. जिभाऊंनी दोराखाली पोत्याच्या चार घड्या घातल्या, आणि आखाजी झाली त्याच संध्याकाळी दोर सोडून घरात नेऊन ठेवला.